चादरीच्या कारखान्यातलं सॉफ्टवेअर आतून बघताना

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर-टॉवेलच्या कारखान्याचं जुनं सॉफ्टवेअर माझ्याकडे आलं, तेव्हा ते लिहिणारा केव्हाच पुण्याला निघून गेला होता. कागदपत्रं काही नव्हती. होता तो कोड, आणि ते रोज चालवणारे हिशोबनीस अण्णा. मालकांची मागणी एवढीच, की प्रत्येक गठ्ठ्यावर बारकोडचं लेबल निघावं.

कोडवरून क्लास डायग्राम (कोडमधले प्रकार आणि त्यांची आपसातली नाती दाखवणारा नकाशा) आपोआप काढून मिळतो, तो आधी काढला. भिंतभर पसरला. त्यात ‘प्रिंटर’ नावाचा एकच चौकोन आणि अर्ध्या रेषा त्यालाच चिकटलेल्या. अण्णा बघून म्हणाले, “प्रिंटर दोन आहेत की हो. बिलाचा हाफिसात, चलनाचा गोदामात.” आकृती खोटी नव्हती, प्रिंटर हा प्रकार एकच आहे. पण मला हवं होतं ते आत कोण कोण बसलंय आणि कुणाचा कुणाशी संबंध आहे, ते.

त्यासाठी यूएमएलमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आकृत्या काढायच्या ठरलेल्या चिन्हभाषेत, कंपोझिट स्ट्रक्चर डायग्राम आहे, २००५ च्या यूएमएल २.० पासून. आमची कॉलेजची जर्नलं युज केस आणि क्लास डायग्रामवरच भरली, त्यामुळे या आकृतीशी ओळख कामावरच झाली.

मोठा चौकोन ‘डिस्पॅच’चा, म्हणजे माल पाठवण्याचं काम बघणाऱ्या कोडचा. त्याच्या पोटात ‘बिलप्रिंटर : प्रिंटर’ आणि ‘चलनप्रिंटर : प्रिंटर’ असे दोन भाग, कोलनच्या आधी भूमिका, नंतर प्रकार. चौकोनाच्या कडेवरचे छोटे चौकोन म्हणजे पोर्ट, बाहेरच्यांनी बोलायचं ते तिथूनच. पोर्ट जी सेवा पुरवतो तिथे काडीवर गोळा, जी मागतो तिथे अर्धी वाटी. आयटम मास्टर (मालाची मूळ यादी) तुटक रेषेत काढला, कारण तो डिस्पॅचच्या मालकीचा नाही, खरेदीवालेही तोच वापरतात.

हे सगळं पेन्सिलीने, अण्णांच्या टेबलावर, शेजारी कोड उघडून. टूलमध्ये नंतर उतरवलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

गंमत एका रेषेत होती. महिनाअखेरचा रिपोर्ट पोर्टवर न थांबता थेट आतल्या ‘चलनक्रमांक’ला, म्हणजे मालाबरोबर जाणाऱ्या चलनांना नंबर देणाऱ्या भागाला, जाऊन भिडत होता. शेवटचा नंबर कळावा म्हणून तो ‘पुढचा नंबर दे’ असंच विचारायचा, आणि विचारल्याबरोबर नंबर वाढायचा. अण्णा दर महिन्याला रजिस्टरात एका चलनापुढे ‘रद्द’ लिहायचे ते यामुळे. त्यांना वाटायचं, प्रिंटर कागद गिळतो.

मग नुसता नंबर दाखवणारा वेगळा पोर्ट दिला, रिपोर्ट त्याला जोडला. ‘लेबलप्रिंटर : प्रिंटर’ हा तिसरा भाग आत बसला, आणि दुसरं काही हलवावं लागलं नाही.

गठ्ठा बांधल्यावर आधी साठा कमी होतो की आधी लेबल निघतं, हे मात्र या आकृतीत दिसत नाही. त्यासाठी सिक्वेन्स डायग्राम लागतो. तो अजून अर्धाच आहे. अण्णा म्हणतात, गड्ड्याची जत्रा होऊ दे, मग बसू.