ऋतूच्या आधीचं गाणं

संगीताच्या तासाला ऋतू नेहमी लवकर येतात. पावसाचं गाणं बसवायचं ते ऐन उकाड्यात, कारण कार्यक्रमापर्यंत ते तोंडपाठ हवं. थंडीच्या गाण्याची तालीम चालू असते तेव्हा वर्गात पंखे फिरत असतात. ऑस्ट्रेलियातल्या मुलांचं तर याहून वाईट. तिथे डिसेंबरात भर उन्हाळा, आणि तोंडी गाणी बर्फाची! ‘जिंगल बेल्स’ १८५७ साली छापलं गेलं तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं, आणि नाताळचा त्यात आजही उल्लेख नाही. आहे तो बर्फ, घोडा आणि घसरगाडी. तरी ते नाताळला चिकटलं ते चिकटलंच. शाळेतही असंच होतं. एका वर्षी सहज घेतलेलं गाणं पुढच्या वर्षी मुलंच मागून घेतात, आणि तिसऱ्या वर्षी कोणी बदलायचं म्हटलं की ‘आपल्याकडे हेच असतं’ असं ऐकवतात.

मी शिकवतो त्या लहान वर्गात गाण्याआधी पाऊस पाडायचा असतो. आधी तळवे एकमेकांवर घासायचे, तो वारा. मग तळहातावर एक बोट, मग दोन, मग चार, मग मांड्यांवर थापा. डोळे मिटून ऐकलं तर खरोखर सर येते. नंतर उलट क्रमाने थांबवायचं. सगळे थांबतात, एक जण थांबत नाही. दर वर्षी एक तरी असा निघतोच, आणि त्याचा पाऊस लांबला की मी फारसा रागवत नाही.

खरी फजिती होते ती एकामागून एक सुरू करायच्या गाण्यात. पहिली तुकडी पुढे जाते, दुसरी तीच ओळ मागून उचलते. म्हणजे उचलायला हवी. ती चार शब्दांतच पहिलीच्या मागे वाहत जाते. मग कानात बोटं घालून गाणं. हा खेळ जुना आहे. उन्हाळा आल्याचं आणि कुकू पक्ष्याच्या हाकेचं तेराव्या शतकातलं एक इंग्रजी गाणं हस्तलिखितात टिकलं आहे. पुढच्या गायकाने कधी सुरू करायचं, हे कळावं म्हणून त्या पानावर क्रूसाची खूण आहे. गोंधळ तेव्हाही होत असणार, नाहीतर खूण कशाला?

मोठ्यांची एक खोड मात्र मुलांना नडते. आपल्या गळ्याला सोयीची पट्टी धरतात. तिथे मुलं नुसती पुटपुटतात. पट्टी थोडी वर नेली की तीच मुलं मोकळी गातात, आणि मग शिक्षकाचा आवाज फाटतो. फाटू द्यावा.

एवढं सगळं करून पाऊस येतो तेव्हा वर्ग पुढच्या गाण्यावर गेलेला असतो. खिडकीबाहेर सर कोसळताना मी हौसेने म्हणतो, ‘चला, आता आपलं पावसाचं गाणं!’ मुलं म्हणतात, ‘सर, ते झालं की!’