लिस्बन ते धरमपेठ, व्हाया ई-व्हिसा

माझा लिस्बनचा बॉयफ्रेंड नागपुरात, आमच्या धरमपेठच्या घरी येतोय. त्याच्या भारताच्या ई-टुरिस्ट व्हिसाचा फॉर्म व्हिडिओ कॉलवर भरला. मला वाटलं, पासपोर्ट नि चौकोनी फोटो, झालं! पण धर्म, आईवडिलांचं जन्मस्थान, आजी-आजोबा पाकिस्तानचे होते का, सगळंच विचारलं. आमच्या आईनंही इतकं खोदलं नव्हतं. तिचा एकच प्रश्न, "वरण-भात खाते का गं तो?"

भारतातला संदर्भ म्हणून बाबांचं नाव घातलं. तेव्हापासून ते जामीनदारासारखे वागताहेत. घरी परदेशी पाहुणा उतरला की 24 तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते, हेही त्यांनीच शोधून काढलं.

ई-व्हिसावर थेट नागपूर विमानतळावरही उतरता येतं. पण साहेबांना मुंबईहून दुरांतोनं यायचंय. मे महिन्यात येतो म्हणत होता. नागपुरात, मे महिन्यात! डिसेंबरचं तिकीट काढायला लावलं.