सातबारा, सिटीझनशिप आणि आमचे बाबा

परवा कॅनडाची सिटीझनशिप झाली. झूमवर. इकडे सकाळचे 10, अमळनेरला संध्याकाळचे साडेसात, म्हणून व्हिडिओ कॉलवर आईबाबांनाही बसवलं होतं दुसऱ्या फोनवर. शपथ झाली, राजे चार्ल्स तिसरे यांच्याशी एकनिष्ठ राहीन वगैरे, इंग्लिशमध्ये नीट आणि फ्रेंचमध्ये ओठ हलवत 😄 त्याआधी कॅमेऱ्यासमोर पीआर कार्ड (कायम रहिवासी असल्याचं) कात्रीने कापून दाखवायला लावलं. आई लगेच, "अरे चांगलं कार्ड शे, कापस काय!"

टेस्टचं फार काही नाही, 20 प्रश्न, 15 बरोबर आले की पास. खरा वैताग दिवस मोजायचा. मागच्या 5 वर्षात 1095 दिवस प्रत्यक्ष कॅनडात राहिलेले पाहिजेत, आणि पीआर मिळण्याआधी वर्क परमिटवर काढलेला एक दिवस अर्धाच धरतात (तेही जास्तीत जास्त 365). मी एक्सेल करून ठेवलेली. बाबांचं ऑपरेशन झालं तेव्हा धुळ्याला हॉस्पिटलात आणि मग घरी मिळून दीड महिना राहिलो, तो सगळा एक्सेलमधून वजा, अर्ज तेवढाच पुढे गेला. बाबांना हे अजून सांगितलेलं नाही, इथे वाचणाऱ्यांनीही सांगू नका.

आता आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाहीच, म्हणजे भारताचा पासपोर्ट सरेंडर करायचा, मग ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं) कार्ड काढायचं. त्यावर आयुष्यभर येजा करा, राहा, पण मतदान नाही. हे मी बाबांना अर्धा तास समजावून सांगितलं, व्हिसा लागणार नाही वगैरे सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "मंग सातबारावर तुनं नाव लागी का नही?"

बोरी नदीकाठची साडेतीन एकर, कपाशीची. मी शोधलं. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानेही नाही, फक्त वारसाने येते. तसं एनआरआय असतानाही विकत घेता येत नव्हतीच, पण तेव्हा कोणाला पडली होती. बाबांच्या डोक्यात हयातीतच जमीन दोघा भावांना वाटून द्यायची होती, तलाठ्याकडे दोन चकरा पण झालेल्या म्हणे, मला पत्ताच नाही! मला वाटत होतं मी देश सोडतोय म्हणून ते गप्प आहेत. ते फेरफाराचा विचार करत होते.

काल परत फोन केला, सांगितलं की बाबा आत्ता नाव नाही लागणार, तुमच्यानंतर वारस म्हणूनच लागेल.

"मंग ऱ्हाऊ दे," म्हणे, "मी काय आत्तेच मरत नही." आणि कापसाचा भाव सांगत बसले.