आमची वाटचाल: उभारणीकडून स्थलांतराकडे

खासगी क्लाउड (कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालणारी क्लाउड यंत्रणा) उभारून द्यायचे, एवढ्याच भांडवलावर आम्ही तिघांनी ही कंपनी काढली. आज हाताशी असलेलं निम्म्याहून जास्त काम दुसऱ्या कुणी (कधी कधी आम्हीच) उभारलेला क्लाउड नव्या प्लॅटफॉर्मवर हलवण्याचं आहे. असं काही आम्ही ठरवलं नव्हतं. ग्राहक हलत गेले, त्यांच्यामागून आम्हीही.

सुरुवातीला आम्ही ओपनस्टॅकचे, म्हणजे असा क्लाउड उभारण्याच्या एका मुक्त सॉफ्टवेअरचे, कट्टर समर्थक होतो. नासा आणि रॅकस्पेस यांनी २०१० मध्ये तो प्रकल्प सुरू केला होता. २०१२ मध्ये सिट्रिक्स कंपनीने त्याच कामाचं क्लाउडस्टॅक हे सॉफ्टवेअर अपाची फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या संस्थेकडे सोपवलं आणि आमच्या क्षेत्रात सरळ दोन तट पडले. कुठला चांगला यावर आम्ही रात्र रात्र भांडलोय. त्या वादाचा एकाही ग्राहकाला उपयोग झाला नाही, हे कळायला मात्र वेळ लागला.

आमचा पहिला मोठा ग्राहक साठेक व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभे केलेले आभासी संगणक) चालवायचा. त्याला आम्ही नोव्हा, न्यूट्रॉन, सिंडर, ग्लान्स, कीस्टोन असा ओपनस्टॅकच्या वेगवेगळ्या सेवांचा सगळा संसार मांडून दिला. चाललाही छान. पुढे त्यांच्याकडचा, हे सगळं कळणारा एकुलता एक इंजिनिअर नोकरी सोडून गेला. ओपनस्टॅकची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि तेव्हा मधल्या आवृत्त्या गाळून थेट पुढे जाता येत नसे. (एकाआड एक उडी मारण्याची अधिकृत सोय २०२३ पासून झाली.) ते तीन आवृत्त्या मागे राहिले होते. एका शनिवारी रात्री आम्ही अपग्रेडला बसलो आणि दुसऱ्याच पायरीवर डेटाबेसचं स्थलांतर अडकलं. डेटाबेसच्या प्रतीवर आधी रंगीत तालीम करायला हवी होती, ती आम्ही केली नव्हती. चूक सर्वस्वी आमची. रविवारी संध्याकाळी कसंबसं सगळं जुन्या जागी आणून ठेवलं.

महिन्याभरात त्यांनी क्लाउडस्टॅकवर जायचं ठरवलं. मला राग आला. दोन्हींच्या सुविधांची तुलना करणारा लांबलचक मेल मी पाठवला. त्यांच्या प्रमुखांचा फोन आला, "तुमचा क्लाउड चांगलाच आहे हो. पण तो सांभाळायला आमच्याकडे माणूस नाही." क्लाउडस्टॅकमध्ये एक मॅनेजमेंट सर्व्हर, त्याच्यामागे एक मायएसक्यूएल डेटाबेस, दोन माणसांना झेपेल असा कारभार. त्यांचं बरोबर होतं. पुढे दुसरा एक ग्राहक नेमका उलटा गेला, क्लाउडस्टॅककडून ओपनस्टॅककडे. त्याला नेटवर्कचे बरेच प्रकार हवे होते आणि पदरी आठ जणांची टीम होती. त्याचंही बरोबर होतं.

मग लायसन्सची लाट आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हर्च्युअल मशीन चालवण्याचं सॉफ्टवेअर विकणारी व्हीएमवेअर ही कंपनी विकत घेतली आणि महिन्याभरात कायमस्वरूपी लायसन्सची नवी विक्री थांबली. आता वर्गणी, तीही कोअरमागे (प्रोसेसरच्या आतल्या प्रत्येक गणन-एककामागे), आणि प्रत्येक प्रोसेसरचे किमान १६ कोअर धरायचे. म्हणजे आठ कोअरचा जुना प्रोसेसर असला तरी हिशेब सोळाचाच. आमचा फोन खणखणू लागला. प्रॉक्समॉक्स, ओपननेब्युला, न्यूटॅनिक्स, पुन्हा ओपनस्टॅक असे पर्याय समोर होते. जो तो विचारायचा, कुठे जाऊ? काहींना आम्ही "आत्ता हलू नका" असंच सांगितलं. नूतनीकरणाला तीन महिने उरलेत आणि बॅकअपपासून आपत्कालीन पर्यायी केंद्रापर्यंत सगळं एकाच खुंटीला टांगलेलं, अशा वेळी घाईने हललात तर वर्गणीपेक्षा जास्त पैसे जातात. धंदा बुडवणारा सल्ला होता, पण त्यातले बरेच जण वर्षभराने तयारीनिशी परत आले.

लोकांना वाटतं, मशीन हलवणं अवघड. पण डिस्कची फाइल व्हीएमवेअरच्या व्हीएमडीके स्वरूपातून क्यूकाउ-टू या दुसऱ्या स्वरूपात आणणं हा सगळ्यात सोपा भाग. व्हर्ट-व्ही-टू-व्हीसारखी साधनं ते करतात, नव्या जागची आभासी डिस्क आणि नेटवर्क ओळखायला लागणारे व्हर्टआयओचे ड्रायव्हरही आत घालतात. ड्रायव्हर राहिला तर विंडोजला बूट डिस्क सापडत नाही आणि समोर निळा पडदा. तेही ठीक, लगेच दिसतं तरी. छळतं ते न दिसणारं. नेटवर्क कार्ड नवं समजलं जातं आणि हाताने दिलेला आयपी पत्ता गायब होतो. एखादं सॉफ्टवेअर जुन्या मॅक पत्त्याला (नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकाला) बांधलेलं निघतं. पहाटे चालणारी, कुणीतरी कधीतरी लिहिलेली स्क्रिप्ट जुन्या प्लॅटफॉर्मच्या एपीआयला (इतर प्रोग्रामनी त्याच्याशी बोलायच्या दाराला) हाका मारत बसते. एका ठिकाणी खात्यांची महिनाअखेरची बिलं अशाच स्क्रिप्टवर निघायची आणि ते हिशेब विभागाला सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हापासून पाहणीच्या पहिल्या दिवशी आम्ही हिशेब विभागातही जाऊन बसतो.

आता नव्या ग्राहकाला कुठला प्लॅटफॉर्म हवा, हे आम्ही शेवटी विचारतो. आधी विचारतो, सांभाळणार कोण आणि तो गेला तर कोण. करारात एक कलमही घातलंय: वर्षातून एकदा एक चालू मशीन बाहेर काढून दुसऱ्याच प्लॅटफॉर्मवर उभं करून दाखवायचं. "आत्ताच तर आलो, निघायची तालीम कशाला?" असं बरेच जण हसून म्हणतात. गेल्या वेळच्या तालमीत मशीन उभंच राहिलं नाही. स्नॅपशॉटची (डिस्कच्या त्या त्या क्षणाच्या नोंदींची) लांब साखळी मागे राहिली होती, ती एकत्र करून डिस्क पुन्हा बाहेर काढण्यात आख्खा दिवस गेला. ग्राहक शेजारी बसून सगळं बघत होता. त्या दिवसाचं बिल आम्ही लावलं नाही.