लळिंग ते नवापूर, व्हाया धर्म

धुळ्याहून नंदुरबारला जायचं तर लळिंग चक्क उलट्या दिशेला येतं, पण गाडी मित्राची आणि किल्ला बघायची हौसही त्याचीच, मग काय, आधी तिकडेच वळलो. किल्ल्याचं वर्णन करत नाही, ऊन होतं आणि अर्ध्यात दम लागला एवढंच सांगतो. मला तिथला लांडोर बंगला बघायचा होता. बाबासाहेब आंबेडकर कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले होते तेव्हा ३१ जुलै १९३७ ला इथे थांबले होते, अजूनही दरवर्षी त्या तारखेला लोक गर्दी करतात.

मित्र पुण्याचा, आयटीवाला, आणि त्याची एक आवडती थिअरी आहे. धर्मांनी जरा सैल व्हावं, नियम कमी करावेत, सगळ्यांना या म्हणावं, की माणसं आपोआप वाढतील. बंगल्यासमोर त्याला आयता मुद्दाच मिळाला. म्हणे बघ, काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० ला सुरू झाला, पाच वर्षं दार उघडलं नाही, मग १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी सांगून टाकलं की हिंदू म्हणून मरणार नाही. दार उघडलं असतं तर एवढी माणसं गेली असती का?

हे मान्यच आहे. दार लावून घेणाऱ्याची माणसं जाणारच, आणि गेली ते बरंच झालं असं माझं मत. पण म्हटलं अरे पुढचं पण बघ ना, १९५६ ला नागपुरात लाखो लोक बौद्ध झाले तेव्हा त्यांना काय सवलती मिळाल्या? २२ प्रतिज्ञा घ्यायला लावल्या! जुने देव सोडा, श्राद्ध सोडा, दारू सोडा. सैल कुठेय यात? तो गप्प झाला, दोंडाईचा येईपर्यंत गाणी ऐकत बसला.

नंदुरबारजवळ मिरच्यांच्या पथारी लागल्या, रस्त्याच्या कडेला मैदानंच्या मैदानं लालभडक, काचा लावल्या तरी ठसका लागतोच. शेवभाजी खाल्ली, मित्राच्या डोळ्यातून पाणी, तरी दुसरी वाटी मागितली पठ्ठ्याने. मग प्रकाशाला तापी ओलांडून तळोद्याकडे.

तळोदा तालुक्यात मोरवड आहे. बाहेरच्यांना हे नाव माहीतच नसतं, खुद्द जळगावातल्या कितीतरी लोकांना नसतं. इथल्या गुलाम महाराजांनी, म्हणजे एका गरीब भिल्ल माणसाने, १९३० च्या दशकात आरती सुरू केली आणि सातपुड्याच्या पायथ्याचे हजारो आदिवासी जमायला लागले. वर्ण, देणगी, मध्यस्थ काही नाही. रोज आंघोळ करा, दारू सोडा, मांस सोडा, आणि भेटलं की 'आप की जय' म्हणा. ज्या माणसाला सावकार, पाटील, फॉरेस्टवाला सगळे अरेतुरे करायचे त्याला कुणीतरी पहिल्यांदा आप म्हणत होतं. १९३८ ला महाराज गेले, भाऊ रामदास महाराजांनी पुढे चालवलं, इंग्रज सरकारला गर्दीची एवढी भीती वाटली की त्यांना तडीपार केलं.

आता सांगा, मोहाची दारू जिथे जन्मापासून मरणापर्यंत लागते तिथे दारू सोडा म्हणणं हा सैलपणा आहे का? तरी लोक आले. मला वाटतं माणूस येतो तो मान मिळतो म्हणून, आणि मान देणाऱ्याने काही मागितलं तर ते द्यायला पण तयार होतो. नुसतं 'या, काहीही चालेल' म्हटलं तर कशाला येईल, काहीही तर घरी पण चालतंच की. अमेरिकेत पण १९६० नंतर जी चर्च उदार झाली त्यांची माणसं घटत गेली आणि कडक होती त्यातली बरीच वाढली. मित्र म्हणाला मग कट्टरच व्हायचं का? नाही रे बाबा! स्वतःच्या माणसाकडून काय मागायचं ते कडक असू दे, शेजाऱ्याला कसं वागवायचं ते वेगळं खातं आहे. शेजाऱ्याशी नीट वागून भक्त वाढत नसतील तर नसू देत, धर्म काय मतदार नोंदणी आहे का?

नवापूरला पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. ते स्टेशन अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातमध्ये, मित्राने एक पाय इकडे एक पाय तिकडे ठेवून फोटो काढलाच. या भागात मिशनऱ्यांना येऊन शंभरेक वर्षं झाली, गावोगावी चर्च आहेत, आणि महाशिवरात्रीला देवमोगऱ्याला आदिवासींच्या देवीच्या, याहामोगी मातेच्या जत्रेला जाणारी घरं पण आहेत.

चहाच्या टपरीवाल्याने विचारलं, "कथा जाई ऱ्हायनात भाऊ?" म्हणजे कुठे निघालात. म्हटलं काही नाही, धर्मावर भांडत फिरतोय. तो हसला. म्हणाला आमच्या घरात बघा ना, मोठा भाऊ आप परिवारातला, म्हणजे गुलाम महाराजांना मानणारा, मी चर्चला जातो, आई याहामोगीची. मित्र लगेच सरसावला, मग भांडणं?

"बहिणीच्या लग्नात झाली एकदा," तो म्हणाला. मोठा भाऊ म्हणे मांडवात दारू नको, मी पण म्हटलं नको, आमचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं. आणि आई भडकली. म्हणाली तुमचे देव असतील न पिणारे, माझ्या देवीला धार लागते, त्याशिवाय लग्न लागणार नाही.

मग काय केलं?

"काय करणार, मीच गेलो मोटरसायकल घेऊन बाटली आणायला. देवीपुरती."