भावानं अपिलात माझ्याकडून खर्चाचं तारण मागितलं तेव्हा

वडिलांच्या जमिनीतल्या हिश्श्याचा दावा मी तासगावला हरले आणि सांगलीच्या जिल्हा न्यायालयात अपील केलं. कोर्ट फी लागली नाही, कारण मालमत्तेच्या वादात बायकांना ती १ ऑक्टोबर १९९४ च्या सरकारी अधिसूचनेनं माफ आहे. वकीलबाई विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळाल्या. तिथंही बाईला उत्पन्नाची अट नसते. मी द्राक्षाच्या पॅकहाऊसवर हंगामी कामाला जाते, बाकी काय ते समजून घ्या.

नोटीस लागताच भावाच्या वकिलांचा अर्ज आला की खर्चाची हमी म्हणून माझ्याकडून आधीच तारण घ्यावं. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ४१, नियम १०. अपीलदाराकडे काही नाही, खालच्या कोर्टाचा खर्चही थकलाय, अपील फेटाळलं तर वसूल कुठून करायचं? असं तारण कोर्टानं मागितलं आणि मुदतीत दिलं नाही तर अपील नामंजूर होतं. मग ज्यावर सगळा वाद आहे ते हक्कसोडपत्र, म्हणजे मी हिस्सा सोडल्याचा कागद, खरं की खोटं, हे कुणी बघायलाही जात नाही.

वकीलबाईंनी 'से', म्हणजे लेखी उत्तर, दिला की नुसती गरिबी हे तारण मागायला कारण होत नाही. अपीलदार परदेशात राहत असेल आणि वादातली सोडून भारतात त्याची पुरेशी स्थावर मिळकत नसेल, तरच तारण घ्यावंच लागतं. एरवी ते कोर्टाच्या मर्जीवर. पण खालचा खर्च थकला होता, हे नाकारता येत नव्हतं.

मग त्यांनी मला खालच्या कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या शेवटचा खर्चाचा तक्ता काढायला लावला. भावानं मोघम मोठा आकडा मागितला होता, तक्त्यातली बेरीज त्यापुढं किरकोळ निघाली. माझ्या मते 'से'पेक्षा हाच कागद कामाला आला. कोर्टानं अपिलाच्या खर्चाचं तारण नाकारलं, दाव्याच्या खर्चापुरतं ठेवलं आणि रोख नसेल तर जामीनदार चालेल म्हटलं.

मामा उभे राहिले. त्यांचा सातबारा, आठ-अ घरातच होते. तहसीलमधून ऐपतीचा दाखला यायला वेळ लागणार दिसला, तेव्हा मुदत संपायच्या आतच वाढीचा अर्ज दिला. सहीआधी मी मामांना स्पष्ट सांगितलं, "मी हरले आणि खर्च दिला नाही, तर जामिनाच्या रकमेपर्यंत वसुलीची दरखास्त थेट तुमच्यावर चालते. कलम १४५ आहे तसं."

"माझ्या भनीच्या लेकीचा हिस्सा हाय न्हवं?" मामा म्हणाले. "मग आण कागुद."

हमीपत्र मंजूर झालं. अपील आता युक्तिवादाला लागलंय.