एसएनसीयूच्या दाराशी सहा दिवस

माझी मुलगी ३१ व्या आठवड्यातच झाली. वजन १,३२० ग्रॅम. तालुक्यावरून १०८ नं जिल्ह्याच्या ठिकाणी आणलं, सरकारी दवाखान्याच्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी आणि कमी वजनाच्या नवजात बाळांच्या खास कक्षात, ऊब देणाऱ्या वॉर्मरवर ठेवलं, नळीनं दूध सुरू झालं, एक पैसा लागला नाही. त्यात काही अडलं नाही. अडलं ते दारावर.

तिसऱ्या रात्री काढलेलं दूध द्यायला गेले, तेव्हा रात्रपाळीची सिस्टर म्हणाली, "ताई, लेकराजवळ बसून हळूच काही म्हनत जा. पोटात होती तवापासून तुमचाच आवाज ऐकून राह्यली ते." साधारण २५ व्या आठवड्यापासून बाळाला पोटात ऐकू यायला लागतं, हे मला तेव्हा कळलं. आणि आता तिच्या कानावर काय पडत होतं? मॉनिटरची टीं-टीं, स्टीलचे ट्रे, खुर्च्या ओढल्याचा आवाज. अशा कक्षात आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा म्हणतात. आपलं साधं बोलणंच ६० च्या आसपास असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर गेले. गार्ड म्हणाला, "सायबाची सही आना, मंग सोडतो." राऊंडवरच्या डॉक्टरांनी "काही हरकत नाही, हेड सिस्टरला सांगा" म्हटलं. हेड सिस्टर म्हणाल्या, "आज तुम्हाला सोडलं तर उद्या सगळ्याच जणी येतील. इन्फेक्शन झालं तर?" इन्फेक्शनची भीती खरी आहे, मला ती मान्य आहे. पण मग हात कसे धुवायचे ते शिकवा ना! लेखी परवानगी आणा म्हणाल्या. परवानगी देणारे साहेब नागपूरला ट्रेनिंगला. मग रविवार. मग आले, पण मीटिंगमध्ये. नवरा सोयाबीनची कापणी टाकून एसटीनं दोनदा येऊन गेला. बाकावर माझ्यासोबत आणखी चार बाळंतिणी बसायच्या, टाके ओले, नजर त्या काचेवर. दार उघडलं की आतलं रडणं ऐकू यायचं आणि प्रत्येकीला वाटायचं, माझंच असेल. त्या सहा दिवसांचा राग अजून गेला नाही.

सुटका केली ती आमच्या गावच्या आशाताईनं. आईबापाला एसएनसीयूत घेऊन, शिकवून बाळाची काळजी घेऊ द्यावी, अशा केंद्र सरकारच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनाच आहेत, हे तिनं फोनवर सांगितलं. मी साध्या कागदावर अर्ज लिहिला, त्यात हे वाक्य टाकलं. साहेबांनी उभ्याउभ्या सही केली. दोन मिनिटं लागली. तुम्ही पहिल्याच दिवशी अर्ज लिहा, तोंडी विचारत बसू नका.

आत गेले, कोपरापर्यंत हात धुतले, आणि माझी माय जात्यावर म्हणायची त्या चालीत नुसतं गुणगुणले. शब्द फुटेनात. मॉनिटरवर ठोके १६८ होते, हळूहळू १५० वर आले. मी आकडा बघत रडले. अमेरिकेत ११ रुग्णालयांत २७२ बाळांवर असा अभ्यास झाला, तो २०१३ साली छापून आला. आईबापाच्या अंगाईनं ठोके संथ होतात, असंच त्यातही दिसलं.

मोबाइलवर गाणी लावून बाळाच्या कानाशी ठेवू नका. एका वेळी एकच जण, आणि आवाज कुजबुजीइतकाच. बाळानं बोटं ताणून पसरली, उचकी लागली, रंग बदलला, तर लगेच थांबा, त्याला ते जास्त होतंय. छातीशी धरून कांगारू पद्धतीत घेतलंत तर गुणगुणणं त्याला अंगातूनच जाणवतं, म्हणून समोरून उघडणारा गाऊन न्या. गार्डला सहीची झेरॉक्स द्या, मूळ कागद आपल्याजवळ ठेवा. पाळी बदलली की दुसरा गार्ड पुन्हा मागतो.

सुट्टीआधी कानाची तपासणी मागून घ्या. आमच्या पोरीचे दोन्ही कान पास झाले. डोळ्यांची तपासणी वेगळ्या दिवशी असते, ती जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायला हवी. ती तारीख फाइलवर लिहून घेतल्याशिवाय निघू नका.